मशालजीची एंट्री

कोरगाव, ता. पेडणे
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

निवृत्ती,

तुझा फोन बंद येतो. पत्ता ठेकेदाराच्या कारकुनाकडून मिळवला. त्याने पिनकोडचा शेवटचा आकडा चुकीचा दिला होता, तो मी पोस्टात जाऊन तपासून घेतला. तेव्हा पत्र मिळालं नाही ही सबब आता तुला राहिली नाही.

तुला अक्षर लावून वाचायला वेळ लागतो, म्हणून हे वर्षाच वाचून दाखवील असं धरून चाललो आहे. वर्षा, सावकाश वाच. स्वल्पविराम आहे तिथे थांब, नाही तिथे थांबू नकोस. सहावीत असताना आमच्या ओसरीतल्या बाल्कांवावर बसून बापाचे संवाद म्हणायचीस, तेव्हापासून तुला घाई आहे.

आता कामाचं. जत्रा दोन फेब्रुवारीला, रविवारी. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून नाटक आता संध्याकाळी सहालाच सुरू होतं. नाटक तेच, माझं 'सत्त्वशील चंद्रकेतू'. राजाचा मान आजोबांपासून आमच्या घरात आहे, म्हणजे राजा आमचा निहारच. मशालजी तू. गौरेश आता कमिटीचा सेक्रेटरी झालाय. परवा माझ्या पंपाच्या दुकानात येऊन म्हणाला, "काका, निवृत्ती येत जाल्यार नाटक. ना जाल्यार यंदा ऑर्केस्ट्रा. लोकांनी तसंच सांगितलंय." सव्वीस वर्षं मी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसून या गावच्या नटांना शब्द देतोय, आणि एकतीस वर्षांचा मुलगा मला उभ्या उभ्या हे सांगून जातो.  त्याच्या पंपाची जळालेली मोटर बांधायला माझ्याकडेच आली होती, मी तिच्याकडे बघत राहिलो.

तू सतरा वर्षं इथे गवंडीकाम केलंस. त्यातली अकरा आमच्या मागच्या खोलीत राहिलास. आणि दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, न सांगता बिऱ्हाड उचललंस. तुझ्या अनुसयेने आमच्या कमलाक्षीला खोलीची किल्ली दिली आणि पदर तोंडाला लावून रिक्षात बसली. ही रीत झाली नाही.

त्या वर्षीच्या जत्रेतल्या प्रकाराबद्दल तुझ्या मनात काही असेल तर खुलासा करतो. तिसऱ्या अंकात तुला शब्द मिळाला नाही. विंगेत टेबलावर पंखा होता. त्याची जाळी सैल होती, वाऱ्याने माझ्या संहितेचं पान उलटलं, आणि मी पान शोधीपर्यंत पडदा पडला. विजेच्या वस्तूंचं मला इतरांपेक्षा जास्त कळतं. त्या पंख्याबद्दल मी आधीच सांगितलं होतं. असं होतं कधीकधी.

तरी तू यावंस. राहायला खोली आहेच. रंगवून घेतली आहे.

गोकुळदास

ता. क. कमलाक्षीने पत्र वाचलं. म्हणाली, "हें पत्र की कोर्टाचं समन्स?" मी एक शब्द बदलला आहे. कुठला ते सांगत नाही.


कोरगाव
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

निवृत्ती,

बावीस दिवस झाले. पाववाला पोदेर निदान हॉर्न वाजवून जातो, आमचा पोस्टमन विशाल दारावरून जाताना मान खाली घालतो. आता मीच त्याला लांबून हात करतो, "राहू दे रे, जा," म्हणून.

तालमींचा नारळ गेल्या रविवारी ठेवला. मशालजी म्हणून शंभू उभा राहतो, बँकेतला. उंची बरी आहे. बाकी बोलण्यासारखं नाही.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला माहीत नसेल, म्हणून लिहितो. तिसऱ्या अंकात तू जे केलंस ते मी संहितेत घालून घेतलं. आता पान एकसष्टवर असं आहे: 'मशालजी बोलत नाही. मशाल खाली ठेवतो. बसतो.' शंभूने गेल्या जत्रेत हे बरहुकूम केलं. अकरा सेकंद गप्प राहिला, मी मोजून घेतलं होतं. तर मागून कोणीतरी म्हणालं, "शंभू, नेटवर्क गेलं काय रे?" आणि सगळा मांडव हसला. बायकाही हसल्या. भटजी हसले. मशालजी युवराज मेल्याची खबर घेऊन आलाय आणि मांडव हसतोय. मी विंगेत संहिता हातात धरून बसलो होतो. तिथून मला शब्द देता येतो, हसू थांबवता येत नाही.

घरी येताना मी निहारला विचारलं, शंभूचं कुठे चुकलं? जागा तीच, सेकंद तेवढेच. निहार म्हणाला, "बाबा, शंभू गप्प राहिला. निवृत्तीमामाला बोलता येत नव्हतं." 

तुला एक सांगायचं राहून गेलं आहे. तुला कधी कौतुकाचं बोललो नाही, ते माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या अंकात राजाचं बेचाळीस ओळींचं स्वगत आहे. मशालजीला तिथे एकही ओळ नाही. पहिल्या वर्षी तू मशाल जराशी कलती केलीस, राजाचा चेहरा उजळावा म्हणून, आणि लोक तुझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, तीन पावलं मागे उभा राहा. तू मोजून तीन पावलं मागे गेलास. लोकांनी तिथे बघितलं. म्हटलं, राजाकडे बघू नकोस, जमिनीकडे बघ. तू जमिनीकडे बघितलंस, लोकही बघायला लागले, जमिनीत काय आहे म्हणून. शेवटी म्हटलं, लोकांकडे पाठ करून उभा राहा. लोक तुझी पाठ बघत राहिले. मी सात पुस्तकं वाचलीत रंगभूमीवर, दोन इंग्रजीतून, शब्दकोश घेऊन. असल्या माणसाचं काय करायचं हे त्यांतल्या एकातही नाही.

मी तुला विचारलं होतं एकदा, तू तिथे उभा राहून करतोस तरी काय? तू म्हणालास, "काय न्हाई वो. राजा बोलतोय, आयकतो. चांगलं लिवलंय तुमी."

आता डिचोलीचं. जत्रेतली तुझी ती जागा कोणीतरी मोबाइलवर घेतली, ती फिरत फिरत डिचोलीच्या एका नाट्यमंडळाकडे गेली. त्यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझा सत्कार केला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, ऐन शोकाच्या जागी पात्राला मुकं ठेवायचं धाडस हे दिग्दर्शकाचं. मी उठून शाल घेतली. तू अनुसयेबरोबर तिसऱ्या रांगेत होतास. तू टाळ्या वाजवल्यास. सगळ्यांच्या थांबल्यावरही थोडा वेळ तुझ्या चालू होत्या.

ते धाडस माझं नव्हतं हे मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. पंख्याने पान उडालं आणि तुला ते सुचलं, असं. मी सांगितलं नाही. एवढं मी कबूल करतो. बस् झालं ना?

पंधरा डिसेंबरपर्यंत कळव. गौरेशला उत्तर द्यायचं आहे.

गोकुळदास


कोरगाव
रविवार, २२ डिसेंबर २०२४

निवृत्ती,

पंख्याची जाळी सैल होती हे खरं. पण पंखा बंद होता.

पान उडालं नाही. पान एकसष्ट माझ्यासमोर उघडं होतं आणि डाव्या हाताचं बोट तुझ्या ओळीवर होतं. 'नदीच्या पल्याड दिवे विझले, महाराज.' मी शब्द दिला नाही. मुद्दाम दिला नाही.

हे लिहायला मला दीड महिना लागला. आता सुरुवात केलीच आहे तर नीट क्रमाने लिहितो.

निहारने ते बेचाळीस ओळींचं स्वगत चार महिने पाठ केलं होतं. मोपाला विमानतळावर त्याची ड्यूटी सामानाच्या पट्ट्यापाशी असते, तिथे तो ते पुटपुटायचा. साहेबाने एकदा विचारलं, कोणाशी बोलतोस? त्या दिवशी तो चांगला बोलला. मी बाप म्हणून सांगत नाही, एकही मात्रा सुटली नाही. मी पडद्याच्या फटीतून लोकांकडे बघितलं, कसं घेतायत म्हणून. पहिल्या रांगेत देवळाचे महाजन. सगळ्यांच्या माना थोड्या थोड्या डावीकडे. डावीकडे तू. दुसऱ्या रांगेत बायका, त्याही डावीकडे. त्यांतच निहारची आई बसली होती, पोटचा मुलगा मधोमध उभा राहून बोलतोय, आणि कमलाक्षीसुद्धा डावीकडे बघत होती.

तिथे माझ्या मनात ते आलं.

दोन अंकांच्या मध्ये तू माझ्याकडे आलास. कपाळाचा घाम मनगटाने पुसत म्हणालास, "गोकुळदासबाब, तिसऱ्या अंकात शब्द जरा मोठ्यानं द्या वो. मशालीचा आवाज हुतोय, कानावर येत न्हाई." मी म्हणालो, हो, देतो.

तुझं पाठांतर कसं होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? अकरा वर्षं रोज संध्याकाळी बाल्कांवावर बसवून, एकेक ओळ म्हणून, मीच ते करून घेतलं. सुक्या पंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो ओढतो. तसं तुला पहिला शब्द लागायचा. 'नदीच्या' एवढं म्हटलं की पुढचं सगळं धो धो यायचं. तो शब्द मिळाला नाही तर तुझ्याकडे काहीही नसायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर केलं.

माझा बेत काय होता तेही लिहितो. तू अडशील, लोक हसतील, मग मी शब्द देईन, तू ओळ म्हणशील, आणि हसून मोकळे झालेले लोक पुढचं राजाचं भाषण नीट राजाकडे बघून ऐकतील. एवढाच. तुला हाकलायचा बेत नव्हता. पण हे सांगून काही कमी होत नाही.

तू आलास. तोंड उघडलंस, मिटलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मी पानाकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हाही तू माझ्याकडेच बघत होतास. तुला कळलं, हे मला तिथेच कळलं. मग तू निहारकडे बघितलंस, वाकून मशाल खाली ठेवलीस, घडवलेला चिरा जपून ठेवतोस तशी, आणि जेवणाच्या सुट्टीत बसतात तसा उकिडवा बसलास. निहार सिंहासनावरून खाली उतरून तुझ्या शेजारी जमिनीवर बसला. त्याचं दीड पानाचं भाषण होतं. तो एक अक्षर बोलला नाही. मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग बायकांनी पदर डोळ्यांना लावले, महाजनांनी चष्मे काढले. मी विंगेत, शब्द हातात घेऊन. आता द्यायचा तरी कोणाला?

सव्वीस वर्षांत मी प्यालेल्या माणसाला शब्द दिला. पाठांतर न करता आलेल्या सरपंचाच्या मुलाला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दिला. दिला नाही तो फक्त तुला, आणि त्या रंगमंचावर धड वाचता न येणारा तू एकटाच होतास.

यायला सांगत नाही. गौरेशचं मी बघून घेईन. वर्षा, हे पत्र तुलाच वाचावं लागणार, त्याला माझा इलाज नाही.

गोकुळदास


कोरगाव
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चि. वर्षा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अक्षर सुधारलं आहे. मला जे कळलं ते बरोबर कळलं ना, हे ताडून बघावं म्हणून तुझाच मजकूर पुन्हा उतरवतो:

'काका, पहिली दोन पत्रं बाबांना वाचून दाखवली. डिचोलीचं ऐकून हसले. म्हणाले, शाल त्यांनाच पायजे, मला काय येतंय. पण पंख्याचं तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग आईला म्हणाले, बघ, पान उडालं हुतं. मी उगंच देवमाणसावर संशय धरला. दीड वरीस. आता रोज अंघोळ करताना संवाद म्हणतात. एक तारखेच्या एसटीचं विचारून आलेत. तिसरं पत्र मी एकटीनं वाचलं. ते माझ्या कॉलेजच्या बॅगेत आहे. वाचून दाखवलं तर बाबा येणार नाहीत. नाही दाखवलं तर येतील, आनंदानं येतील. तुम्ही लिहून मोकळे झालात. माझ्यावर टाकू नका. वाचू का नको, तुम्हीच सांगा.'

तू बरोबर आहेस. मी टाकलं होतं तुझ्यावर.

इकडची स्थिती अशी. निवृत्ती येतोय हे अनुसयेने फोनवर कमलाक्षीला सांगितलं, कमलाक्षीने देवळात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गौरेशने तिठ्यावर बॅनर लावला. त्यावर तुझ्या बापाचा फोटो मधोमध आहे, निहारचा कोपऱ्यात. शिडी निहारनेच धरली. रस्त्यातून जाताना माणसं मला थांबवून म्हणतात, "बरं केलंत हां, त्याला परत आणलंत." मी मान हलवतो.

रविवारी मी तुला एका ओळीचं पत्र लिहिलं: वाचू नकोस. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि सोमवारी ते घेऊन पोस्टापर्यंत गेलो. विशालने हात पुढे केला. म्हणाला, "द्या काका, आताच थैली जातेय."

मी दिलं नाही. कारण सांगतो. निवृत्ती आला तर एसटीतून उतरून आधी आमच्या घरी येईल. पिशवी खाली ठेवील, माझ्या पायाला हात लावील, आणि म्हणेल, "चुकलं माझं, गोकुळदासबाब, तुमच्यावर संशय घेतला." तो म्हणणारच. मी त्याला ओळखतो. ते मी कसं ऐकून घेऊ? तिथे उभा राहून काय म्हणू, असू दे म्हणू? बाकी सगळं मी निभावून नेलं असतं, वर्षा. बॅनर, टाळ्या, सगळं. तेवढं मला जमणार नाही.

काल संध्याकाळी निहारला सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. बराच वेळ तो एकच नाडी सोडत बसला. मग विचारलं, "माझ्यासाठी केलंत?" मी हो म्हणालो. म्हणाला, "मग मला विचारायचं तरी. मीसुद्धा त्याच्याकडेच बघून बोलायचो. समोर बघितलं की मला काही सुचायचं नाही." आणि आत जाऊन जेवायला बसला. कमलाक्षीने मला वाढलं नाही. मी वाढून घेतलं.

तेव्हा, वाच.

आई घरात असताना वाच. जेवणाच्या आधी नको, नाहीतर जेवायचा नाही. 'मुद्दाम' या शब्दाशी तुझा आवाज उतरेल. उतरू दे, पण शब्द गाळू नकोस आणि मऊ करू नकोस. कमलाक्षीची जागा आहे तिथे घाई करू नकोस, तिच्याबद्दल त्याला माया आहे. तो मधेच उठून गेला तर जाऊ दे, परत आल्यावर राहिलेलं वाच. तो काय म्हणाला ते मला कळवायची गरज नाही. शिव्या दिल्या तर त्याही नको, त्या मला पाठ आहेत.

गौरेशला मी बॅनर काढायला सांगितलेलं नाही. सांगितलं तर कारण द्यावं लागेल, आणि ते आधी तुझ्या बापाने ऐकायला हवं, मग गावाने. तुझं वाचून झालं असा निरोप आला की मी देवळात जाऊन सांगेन. तुझ्या निरोपात एवढंच लिही: वाचलं.

ऑर्केस्ट्रा ठरवायला आता उशीर झाला आहे, नाटक होणारच. मशालजीची एंट्री दुसऱ्या अंकात, सात वाजून दहा मिनिटांनी आहे. शंभूला मी कपडे दिलेले नाहीत, ते धुऊन, इस्त्री करून खुंटीवर ठेवीन. तुझा बाप आला नाही, तर सात दहा झाले की निहार एकटाच रंगमंचावर जाईल. मशालीशिवाय बोलावं लागेल म्हटलं, तर म्हणाला, चालेल.

तुझा,
गोकुळदासकाका